वरच्या पेठेचं पोरगं, खालच्या पेठेची जर्सी

काही हंगामांपूर्वी कोल्हापुरात घडलेलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून पेठांची, तालमींची आणि माणसांची नावं काढली आहेत, काही तपशील मागंपुढं केले आहेत. दोन तालमींना मी ‘वरची’ आणि ‘खालची’ म्हणणार आहे. वर कोण नि खाली कोण याचा शोध कोल्हापूरकर घेणारच, पण हाती काही लागणार नाही. मी क्रीडाशिक्षक. या प्रकरणातल्या दोन्ही पोरांना शाळेत शिकवलं, म्हणून दोन्हीकडच्या बैठकांना मला बोलावलं गेलं. माझं घर तिसऱ्याच पेठेत, त्यामुळं दोन्ही बाजूंचा माझ्यावर सारखाच अविश्वास होता. त्याचा उपयोगच झाला.

पार्श्वभूमी

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट आधी सांगावी लागते. कोल्हापुरात फुटबॉलचा संघ म्हणजे बहुतेक वेळा तालमीचा संघ. तालीम मुळात कुस्तीची. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान झालं, आणि पेठापेठांतल्या तालमी गावाच्या जगण्याचाच भाग होऊन बसल्या. पुढं कुस्तीच्या हौदात उतरणारी पोरं कमी झाली, चेंडूमागं धावणारी वाढली, नाव मात्र तालमीचंच राहिलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळं. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी असे संघ. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांची ‘केएसए’, शाहू स्टेडियमवर साखळी भरवते. वरिष्ठ गटात १६ संघ. साखळी आटोपली की चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा, आणि पावसाच्या तोंडावर हंगाम संपतो.

जी तालीम गणपती बसवते, मोहरमला पंजे बसवते, कुणाच्या घरी मयत झाली की पोरं पाठवते, तीच दुपारी स्टेडियमवर उतरते. त्यामुळं इथं संघ निवडायची सोय नसते. ज्या गल्लीत पाळणा हलला त्या गल्लीचा संघ. विश्वचषक आला की ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, कटआउट उभी राहतात, पण ती हौस. ब्राझील हरल्यावर रात्री घास उतरतो. तालीम हरल्यावर उतरत नाही.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक गोष्ट मिसळली: बाहेरचे खेळाडू. नायजेरियापासून मुंबई-गोव्यापर्यंत जिथून मिळेल तिथून हंगामापुरते खेळाडू आणायचे, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करायची, नि वर मानधन. ईर्षेला पैसा लागतो, तो देणारी माणसं पेठेत असतात. खेळाचा दर्जा यामुळं वाढला, यात मला शंका नाही. स्टेडियम भरतं, सामने मोबाईलवर थेट दिसतात. पण अकरांतल्या चार-पाच जागा बाहेरच्यांनी घेतल्या, की पेठेतली तेवढीच पोरं बाकावर बसतात. त्या बाकावरूनच हे प्रकरण सुरू झालं.

माणसं

आबा, वय सत्तरीच्या पुढं. सत्तरच्या दशकात वरच्या तालमीचे स्टॉपर, म्हणजे गोलपुढचे मधले बचावपटू. त्यांच्या गुडघ्यावरचा व्रण खालच्या तालमीविरुद्धच्या सामन्यातला आहे, हे पेठेत शाळकरी पोरालाही माहीत.

आबांचा धाकटा मुलगा एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. पेठेतलं वडिलोपार्जित घर चार भावांत वाटलं गेलं तेव्हा याच्या वाट्याला दीड खोली आली. ती थोरल्याला देऊन यानं उपनगरात फ्लॅट घेतला. गणपतीची वर्गणी मात्र आजही पेठेत. त्याच्या बायकोचं माहेर खालच्या पेठेतलं. यात नवल काही नाही, दोन पेठांमध्ये रस्ता एकच, सोयरिकी होणारच. लग्नाच्या वरातीतही दोन्हीकडच्या पोरांनी तालमींच्या घोषणा दिल्या होत्या, आणि तेव्हा सगळे हसले होते.

त्यांचा मुलगा, म्हणजे आपल्या प्रकरणातला खेळाडू, तेव्हा २० वर्षांचा. डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारा. शाळेपासून मी त्याला बघतोय. वेग चांगला, क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) उत्तम, उजवा पाय केवळ उभं राहण्यापुरता. दोन हंगाम वरच्या तालमीच्या यादीत होता आणि मैदानावर जेमतेम काही मिनिटं.

मामा खालच्या तालमीच्या संघ व्यवस्थापनात.

आणि चुलतभाऊ. थोरल्या काकांचा मुलगा, खेळाडूपेक्षा दोन वर्षांनी मोठा, पेठेतच राहणारा. खेळाडू म्हणून साधा, सपोर्टर म्हणून पहिल्या नंबरचा. ढोल त्याच्या गळ्यात, घोषणा त्याच्या तोंडी. पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे धावायला जायचा. हे नाव सुरुवातीच्या कुठल्याच चर्चेत आलं नाही. वाचकांनी ते आत्ताच लक्षात ठेवावं.

पेच

हंगाम सुरू होण्याआधी मामांनी विचारलं: आमच्याकडं ये, पहिल्या अकरात खेळवतो. सोबत बूट, हंगामाचं मानधन, कॉलेजची फी. मानधन फार नव्हतं, पण पोराच्या वडिलांच्या पगाराशी ताडून पाहिलं तर दुर्लक्ष करण्याजोगंही नव्हतं.

नियमांच्या बाजूनं अडचण नव्हती. खेळाडू एका वेळी एकाच संघाकडं नोंदलेला असतो, हंगाम संपला की तो मोकळा. अडचण होती ती कुठल्याच कागदावर नव्हती. वरच्या पेठेतून खालच्या पेठेत थेट गेलेला, आणि तोही आबांच्या घरातला, असा खेळाडू कुणाच्या आठवणीत नव्हता.

वडिलांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न ‘जाऊ द्यावं का’ असा नव्हताच. ‘आबांना कोण सांगणार?’ एवढंच ते विचारत होते. माझ्या मते पुढचं बरंचसं या प्रश्नात होतं. निर्णय मनातून झाला होता, सांगण्याची जबाबदारी मात्र कुणालाच नको होती.

समोरचे पर्याय

थांबणं हा पहिला पर्याय. आणखी एक हंगाम वरच्या तालमीत काढायचा, सचिवांशी बोलून किमान साखळीतल्या दुबळ्या संघांविरुद्ध तरी खेळवण्याचा शब्द घ्यायचा. पोराला हा मान्य नव्हता, कारण असा शब्द आदल्या वर्षीही मिळाला होता.

कनिष्ठ गटात खेळणाऱ्या उपनगरातल्या एखाद्या संघाकडं जाणं हा दुसरा. घर तिकडंच, ईर्षा नाही, पूर्ण सामने खेळायला मिळणार. मला स्वतःला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटला आणि मी तो लावूनही धरला. पोरगा म्हणाला, “सर, तिथं बघायला कोण येतंय?” विसाव्या वर्षी भरलेल्या गॅलरीसमोर खेळायची इच्छा असणं हा काही दोष नाही.

कोल्हापूरच सोडायचं, हाही पर्याय होता. पुणे, मुंबई, गोवा इथं चाचण्या द्यायच्या. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळल्यापासून इथल्या प्रत्येक आईबापाच्या डोक्यात हा रस्ता आहे. पण अनिकेत लहानपणीच क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. विसाव्या वर्षी, साखळीतली पुरी नव्वद मिनिटंही नावावर नसताना, चाचणीला उभं राहून दाखवायचं काय? आधी कुठंतरी नियमित खेळणं भाग होतं.

राहिली खालची तालीम. तिथं खेळायला मिळणार हे नक्की होतं. आईचा कल तिकडं असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं, प्रत्यक्षात तिचाच विरोध सगळ्यात जास्त होता. “दोन्हीकडं मलाच ऐकावं लागंल,” ती म्हणाली. तिचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं.

नोंदणीचा आठवडा

मामांनी सुचवलं की नोंदणी होईपर्यंत पोरानं आजोळीच राहावं. वरची पोरं गाठतील, समजूत घालतील, कदाचित दमही देतील, ही भीती. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यात दलबदलाच्या दिवसांत खेळाडूंना सही होईपर्यंत लपवून ठेवण्याचे किस्से जुने लोक सांगतात, तोच प्रकार.

हा या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण, आणि तो चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. पोरगं खालच्या पेठेत मुक्कामाला आहे ही बातमी दुसऱ्या दिवशीच रस्ता ओलांडून वर पोचली, फक्त ‘राहायला गेलाय’ याचं ‘पळवलाय’ झालं. नोंदणीच्या संध्याकाळी खालच्या कुणा उत्साही कार्यकर्त्यानं त्याचा नव्या जर्सीतला फोटो स्टेटसला लावला. खाली ओळ: ‘वाघ घरी आला.’ आबांना ही गोष्ट नातवाकडून कळली नाही, मुलाकडूनही कळली नाही. देवळासमोरच्या कट्ट्यावर कुणीतरी मोबाईल पुढं धरला, तिथं कळली.

रात्री वडील पेठेत गेले. आबांनी त्यांना विचारलं ते एवढंच, की पोराला तिथं जेवायला बसवतात का वेळेवर. मग झोपायला गेले. वडील सांगतात, त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तालमीतली बैठक

दोन दिवसांनी वरच्या तालमीनं बैठक बोलावली. मंडळापुढं तीन सूचना होत्या. कुटुंबाचं सभासदत्व रद्द करावं, ही तरुणांची. पोरानं तालमीत येऊन माफी मागावी, ही सचिवांची. आणि त्याचा सत्कार करून मोकळं करावं, ही एका जुन्या गोलकीपरची. शेवटच्या सूचनेवर हशा झाला. मला ती तेव्हाही गंभीर वाटली होती. सन्मानानं निरोप दिलेल्या माणसाला गद्दार म्हणणं जड जातं.

वडील एकटेच आले होते. थोड्या वेळानं कुणीही न बोलावता आबा आले आणि दाराशेजारच्या बाकावर बसले.

सचिव म्हणाले, “आबा, राग मानू नका, पण तुमच्या नातवानं पेठंचं नाक कापलं.”

“दोन वर्सं पोरगं बाकावर बसवून ठेवलंस,” आबा म्हणाले, “तवा पेठंचं नाक कुठं हुतं?”

“संघ जिंकाय पायजे का नको, आबा? बाहेरची पोरं आणली म्हणून तर गेल्या साली चषक आला.”

“आला की. मी बी नाचलो. मग आता ते चषक आणणारं बाहेरचं पोरगं यंदा कुणाकडं हाय रं?”

गेल्या हंगामात वरच्या तालमीसाठी सर्वाधिक गोल करणारा परदेशी खेळाडू यंदा तिसऱ्याच संघात गेला होता, आणि त्याला कुणी गद्दार म्हटलं नव्हतं. बाहेरच्यानं पैशासाठी संघ बदलला तर तो व्यवहार, पेठेतल्यानं बदलला तर ती फितुरी. हा दुटप्पीपणा नाही, असं सचिवांनी नंतर मला खासगीत समजावलं. पाहुण्याकडून आपण काही मागत नाही, घरच्याकडून मागतो, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा खोटा नाही. मात्र मागणाऱ्यानं आपण काय दिलं हेही सांगायला हवं, आणि बैठकीत त्याची यादी गणपतीतल्या जेवणावळींपुढं सरकली नाही.

ठराव काहीच झाला नाही. सभासदत्व राहिलं, माफी बारगळली, सत्कारही नाही. बैठक संपली तेव्हा बाहेर चुलतभाऊ आणि त्याची दहा-बारा पोरं उभी होती. आत काय ठरलं असं त्यांनी विचारलं. सचिव म्हणाले, “मैदानात बघू.” त्यांच्या मनात खेळातून उत्तर द्यायचं होतं, यावर माझा विश्वास आहे. पोरांनी त्याचा दुसरा अर्थ घेतला.

सामना

साखळीत दोन्ही तालमींची गाठ पडेपर्यंत पोरगा तीन सामने पूर्ण खेळला होता आणि चांगला खेळला होता. वरच्या पेठेत त्याच्यावर रोज काहीतरी फिरत होतं. लुईस फिगो बार्सिलोना सोडून २००० साली रेआल माद्रिदला गेला आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर त्याच्या दिशेनं डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं, ते चित्र कुणीतरी शोधून काढलं आणि फिगोच्या चेहऱ्याच्या जागी याचा चेहरा चिकटवला. ते करणारा चुलतभाऊच होता, हे मागाहून कळलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही तालमींचे प्रतिनिधी, संयोजक आणि पोलीस एकत्र बसले. दोन समर्थक गट समोरासमोरच्या गॅलरीत, प्रवेश वेगळ्या दारांनी, फटाके नाहीत, वगैरे. मी तिथं १६ ऑगस्ट १९८० ची आठवण काढली. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात गॅलरीतल्या दंगलीत १६ प्रेक्षक मेले, ती. “सर, आपल्याकडं तसं होत न्हाई,” असं उत्तर मिळालं. तसं झालं नाही हे खरं. पण सगळी चर्चा नव्वद मिनिटांची आणि स्टेडियमच्या भिंतींच्या आतली झाली. सुटल्यावर पोरं कुठल्या रस्त्यानं घरी जाणार, हा विषय निघाला आणि ‘बंदोबस्त आहे’ या शब्दांवर संपला.

खालच्या प्रशिक्षकांपुढं वेगळाच प्रश्न होता: पोराला उतरवायचं का? मामा म्हणत होते, पहिल्या मिनिटापासून. प्रशिक्षकांनी त्याला राखीव ठेवलं. कारण खेळाचंच दिलं, समोरचा उजवा बचावपटू ताकदीचा होता, तो दमल्यावर वेगवान विंगर सोडायचा. निर्णय योग्य होता, पण त्याचा एक परिणाम त्यांच्या लक्षात आला नसावा. पूर्वार्धभर वरच्या तालमीची गॅलरी त्याची वाट बघत राहिली. उत्तरार्धात तो रेषेवर येऊन उभा राहिला तेव्हा मी ऐकलेला आवाज गोल झाल्यावरचाही नसतो.

शिव्या त्याला होत्या तोवर ठीक होतं म्हणू. मग त्या आईवर गेल्या. तीच आई, जिनं वीस वर्षं त्याच पेठेतल्या गणपतीचे मोदक वळले.

खेळात तो फारसा चमकला नाही. दोन क्रॉस चांगले टाकले, एकदा चिडून मागून पाय घातला आणि पिवळं कार्ड घेतलं. सामना १-१ सुटला. कुणीच हरलं नव्हतं, त्यामुळं बरेच जण निश्चिंत होऊन घरी निघाले. आबा आले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच या दोन संघांचा सामना त्यांनी घरी मोबाईलवर बघितला.

गडबड झाली ती स्टेडियमपासून पुढं, दोन पेठांना जोडणाऱ्या त्या एका रस्त्यावर. दुचाकीवरून जाणारी खालची पोरं ‘वाघ घरी आला’ ओरडत गेली, वरून दगड आला, खालून आला, उभ्या असलेल्या काही गाड्या पडल्या, एका मोपेडचा चुराडा झाला. मोपेड भाजीवाल्या बाईची होती, तिचा फुटबॉलशी काही संबंध नव्हता. सगळं पाच-सात मिनिटांत आटोपलं. पण रस्त्यावर कॅमेरे होते, आणि शिवाय डझनभर मोबाईल. गर्दी-मारामारीचा गुन्हा दाखल झाला. ओळख पटलेल्यांत चुलतभाऊ होता. चित्रीकरणात तो दगड मारताना दिसत नाही, मोपेडला लाथ घालताना मात्र स्वच्छ दिसतो.

नंतर काय झालं

खेळाडूचं म्हणाल तर हंगाम बरा गेला. सोळाही संघ त्याला ओळखू लागले, एका स्पर्धेत उपांत्य फेरीत त्यानं गोल केला. हंगामानंतर पुण्यातल्या एका संघाकडून बोलावणं आलं, तो तिकडं गेला. आज ना वरच्या तालमीचा आहे ना खालच्या. सणाला येतो तेव्हा आधी पेठेत आबांकडं, मग आजोळी. कट्ट्यावर अजून काही जण तोंड फिरवतात, बहुतेक जण चहा पाजतात.

वरच्या तालमीनं पुढच्या वर्षी बाहेरचा एक खेळाडू कमी आणला आणि पेठेतल्या दोन पोरांना साखळीत नियमित खेळवलं. या प्रकरणामुळं, की त्या वर्षी देणगीदारानं हात आखडला म्हणून, ते सांगता येत नाही. दोन्ही कारणं तालमीत ऐकायला मिळतात, सांगणारा कोण आहे त्यावर.

भाजीवाल्या बाईची मोपेड दोन्ही तालमींनी वर्गणी काढून दुरुस्त करून दिली. हे आबांनी लावून धरलं. खालच्या तालमीत ते स्वतः गेले. तिथं पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ, असं त्यांनी सांगितलं. मामांनी त्यांना खुर्ची दिली, ते उभेच राहिले, पैसे ठरवले आणि निघाले.

चुलतभावाचं प्रकरण अजून संपलेलं नाही. पोलीस भरतीत गोळाफेक आणि १०० मीटर त्याला जमतं, अडतो तो १६०० मीटरला. त्या वर्षी तो मैदानी गुणांतच थोडक्यात मागं पडला, म्हणून चारित्र्य पडताळणीची वेळच आली नाही. पण ती कधीतरी येणार. फॉर्ममध्ये ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो. गल्लीतल्या जाणकारांनी त्याला सल्ला दिला की तिथं ‘नाही’ लिही, किरकोळ प्रकरण आहे, कुणाला कळत नाही. मी त्याला वकिलाकडं नेलं. वकिलांनी २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग खटल्याचा निकाल समजावून सांगितला. किरकोळ गुन्ह्याची माहिती खरी दिली तर नेमणूक करणारा अधिकारी सगळी परिस्थिती बघून निर्णय घेऊ शकतो. माहिती दडवली तर तेवढंच कारण नेमणूक जाण्याला पुरू शकतं. तेव्हा रकान्यात ‘हो’ लिहायचं ठरलं. वयोमर्यादेला अजून अवकाश आहे, तारखा चालू आहेत.

पेठेत कुणी त्याला दोष देत नाही. उलट ‘तालमीसाठी केस अंगावर घेतली’ असं कौतुकानं सांगतात. तारखेला सोबत यायला मात्र वडिलांशिवाय कुणी नसतं. एकदा खेळाडू स्वतः पुण्याहून आला होता. दोघं कोर्टाच्या आवारात शेजारी बसले, काय बोलले ते मी विचारलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

या प्रकरणात सगळ्यांनी एकाच माणसाचा विचार केला, तो म्हणजे खेळाडू. त्यानं जावं का, त्याला कसं अडवावं, कसं लपवावं, कधी उतरवावं. प्रत्यक्षात त्याला धोका सगळ्यात कमी होता. त्याच्याकडं कौशल्य होतं, ते घेऊन तो कुठंही जाऊ शकत होता, आणि गेला. ज्याच्याकडं निष्ठेखेरीज काही नव्हतं, त्या चुलतभावाशी कुणी बोललं नाही. ना घरच्यांनी, ना तालमीनं. बैठकीनंतर दाराबाहेर उभ्या पोरांना आत घेऊन दहा मिनिटं बसवलं असतं आणि आबांचं बोलणं त्यांच्या कानावर पडू दिलं असतं, तर? आत जे बोलणं झालं ते पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी ऐकलं, ज्यांना दगड उचलायचा नव्हताच.

लपवाछपवी टाळता आली असती, हे उघड आहे. नोंदणीच्या आधी आबा, वडील आणि पोरगा असे तिघं वरच्या तालमीत गेले असते, तर बाचाबाची झाली असती, पण ‘पळवला’ हा शब्द जन्माला आला नसता. मामांना मी हे म्हटलं. ते म्हणाले, “सर, तसं केलं असतं तर पोरगं आलंच नसतं.” शक्य आहे. मामांना खेळाडू हवा होता, त्यांच्या बाजूनं हिशोब बरोबर होता. पण मग भाच्याच्या बाजूनं हिशोब करणारं त्या खोलीत कुणीतरी दुसरं असायला हवं होतं.

सत्काराची सूचना हसण्यावारी नेणं ही मला तालमीची सगळ्यात मोठी चुकलेली संधी वाटते. एक नारळ, एक शाल, ‘पोरगं आमचं आहे, तिकडं खेळतंय’ एवढं एक वाक्य सचिवांच्या तोंडून गेलं असतं, तर ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या हातातून रागाचं कारणच निघून गेलं असतं. जुन्या गोलकीपरला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की त्याच्या वेळी एकाला असाच नारळ दिला होता, आणि तो परत आला होता. पेठेत बाकी कुणाला हे आठवत नाही, त्यामुळं खरं किती नि खोटं किती देव जाणे.

बंदोबस्ताबद्दल एकच. स्टेडियमच्या आत गॅलऱ्या वेगळ्या करणं सोपं असतं, घरचा रस्ता वेगळा करता येत नाही. त्या हंगामानंतर या दोन संघांच्या सामन्याला एका गॅलरीला आधी सोडतात आणि दुसरीला वीस मिनिटं बसवून ठेवतात. दोन्ही तालमींचे चार-चार ज्येष्ठ तो रस्ता रिकामा होईपर्यंत तिथं उभे राहतात. हे आधीही सुचलं असतं, खर्च शून्य होता.

खेळाडूचा धाकटा भाऊ आता नववीत आहे, माझ्याच शाळेत. तोही डावखुरा, आणि याचा उजवा पायही चालतो. दोन्ही तालमींकडून विचारणा येऊन गेली आहे. दहावी होईपर्यंत कुणी विषय काढायचा नाही आणि नंतर जे काही बोलायचं ते दोन्ही तालमींच्या माणसांनी एकाच वेळी, पेठेतल्या घरी, आबांसमोर बोलायचं, असं त्याच्या आईनं सांगितलं आहे. मामांनी मान्य केलं. वरच्या सचिवांनी विचार करून सांगतो म्हटलंय.